डावं-उजवं

नलूवहिनींची हाक दोन प्रकारची. मोठ्यानं आली तर कोथिंबीर हवी असते, हळू आली तर बातमी असते. परवाची हाक इतकी हळू होती की मी गॅस बंद करून थेट कंपाऊंडच्या भिंतीपाशी गेले.

“ताई, हे बघा,” म्हणत त्यांनी मोबाइल भिंतीवरून पुढे केला. फोटोत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. “मागे नवे भाडेकरू आलेत ना, त्यांच्या कचऱ्यात. घंटागाडी आली तेव्हा वरच पडलेली. मी नाव गूगलवर टाकलं. एड्सचं औषध आहे म्हणे!”

“लॅमिव्हुडीन,” मी वाचलं. औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये जन्म गेल्यामुळे स्ट्रिप दिसली की आधी बॅच नंबर वाचायची खोड आहे. “हे कावीळ बीलाही देतात वहिनी. डोस वेगळा असतो, एवढंच.” स्ट्रिपवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते फोटोत स्वच्छ दिसत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. “आणि काही का असेना, फोटो काढून टाका. असली माहिती ज्याची त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये म्हणून २०१७ साली संसदेला कायदा करावा लागलाय.”

वहिनींनी फोटो पुसला, पण नाइलाजानं. “मग बोलायचं तरी काय?”

“त्या गोळीबद्दल बोलू. अख्ख्या आळीत नाहीत एवढ्या भानगडी तिच्या एकटीच्या आहेत. पहिली म्हणजे, ती उलटी आहे.”

“उलटी होते तिनं?”

“होत नाही. ती स्वतःच उलटी आहे.”

ओट्यावर बसलेल्या तात्यांनी पेपर खाली केला. एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस, कुठलीही गोष्ट उलटी आहे म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

“आपला डीएनए चार प्रकारच्या तुकड्यांचा असतो, हे तुमच्या नातीच्या पुस्तकात असेल,” मी म्हटलं. “प्रत्येक तुकड्यात एक साखर असते. ही साखर दोन रूपांत असू शकते. एक रूप आणि त्याचं आरशातलं रूप. अणू तेच, कोण कुणाला जोडलेला तेही तेच, फक्त वळण उलटं.”

“म्हणजे सोंडेसारखं,” वहिनी लगेच म्हणाल्या. “डाव्या सोंडेचा गणपती नि उजव्या सोंडेचा.”

नव्या ट्रेनींना इतकी वर्षं शिकवलं, पण मला हे कधी सुचलं नव्हतं. “अगदी तस्सं. मोदक तोच, परशू तोच. मूर्ती कशीही फिरवा, एकाचा दुसरा होत नाही. आता बघा, आपल्या घरोघरी डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा प्रभादेवीसारखा एखादा. डीएनएचं उलट आहे, आणि तिथं अपवादही नाही. जंतू, केळ, बांगडा, तात्या, सगळ्यांच्या डीएनएतली साखर उजवी. केमिस्ट तिला डी म्हणतात आणि डावीला एल. डाव्या साखरेचा डीएनए असलेला एकही जीव आजवर सापडलेला नाही.”

“आणि ही गोळी?”

“डावी.”

वहिनींनी कोपर भिंतीवर टेकवलं. आता अर्धा तास हलणार नव्हत्या.

रेणूंना डावं-उजवं असतं हे लुई पाश्चरनं १८४८ साली पॅरिसमध्ये दाखवलं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून त्यानं चिमट्यानं एकेक वेगळे केले, डावे एका ढिगात, उजवे दुसऱ्या. हे मी भराभर सांगून टाकलं, कारण तात्यांना पाश्चर म्हटलं की पिसाळलेला कुत्रा आठवतो आणि मग ते १९७२ सालच्या चौदा इंजेक्शनांवर जातात.

“खरी भानगड मॉन्ट्रियलला झाली,” मी म्हटलं. “कॅनडात. बर्नार्ड बेलो नावाचे केमिस्ट होते. एचआयव्हीवर औषध शोधायला सगळं जग धावत होतं, १९८७-८८ चे दिवस. युक्ती सगळ्यांची एकच. हा व्हायरस पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनए लिहून काढतो. त्या लिहिणाऱ्या एन्झाइमचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. त्याला खोटा तुकडा द्यायचा, असा की तो साखळीत बसेल पण त्याच्यापुढे दुसरा तुकडा जोडायला जागाच नसेल. साखळी तिथंच तुटली. बेलोंनी काय केलं, साखरेच्या कड्यातला एक कार्बन काढून तिथं गंधक बसवला.”

“गंधक? फटाक्यातला?”

“तोच. आणि असं काही प्रयोगशाळेत केलं की सहसा डावं नि उजवं निम्मं निम्मं तयार होतं, कारण फ्लास्कला डावं-उजवं कळत नाही. ते मिश्रण तसंच व्हायरसवर घालून पाहिलं, तर लागू पडलं. १९८९ च्या जूनमध्ये मॉन्ट्रियललाच जागतिक एड्स परिषद भरली होती, तिथं त्यांनी जाहीर केलं. आणि सप्टेंबरात ते वारले. आपल्या औषधाचं पुढं काय झालं ते त्यांना बघायलाच मिळालं नाही.”

“अरेरे,” वहिनी म्हणाल्या. कुणी गेलं म्हटलं की त्या आधी अरेरे म्हणतात, मग वय विचारतात. मी वय विचारायच्या आत पुढे गेले.

“मग मिश्रण वेगळं करायची वेळ आली. सगळ्यांची अटकळ अशी की काम करत असणार ते उजवं. डावं म्हणजे भरताड, फेकून द्यायचं. अटकळ चुकीची म्हणता येणार नाही. साधं थायमिडीन, म्हणजे डीएनएतला टी हा तुकडा, त्याचं डावं रूप प्रागमध्ये १९६४ सालीच बनवून झालेलं होतं, आणि त्याला कुणी फारसं विचारलं नव्हतं. पेशीतलं एकही एन्झाइम त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, असं धरून चालायचे. आणि इथं निघालं काय, तर दोन्ही रूपं एचआयव्हीला सारखीच भारी. वर आणखी, उजवं रूप आपल्या पेशींना जास्त विषारी. डावं त्या मानानं निरुपद्रवी. येल विद्यापीठात युंग-ची चेंग म्हणून आहेत, त्यांच्या लॅबनं कावीळ बीच्या व्हायरसवर बघितलं, तर तिथंही कामाचं ते डावंच.”

“म्हणजे भरताड म्हटलं तेच सोनं निघालं,” तात्या म्हणाले.

“आणि अजून ऐका. हे वेगळं केलं कसं? ग्लॅक्सोच्या केमिस्टांनी सुरुवातीला त्यासाठी एका एन्झाइमलाच कामाला लावलं. ई. कोलायमधलं, सायटिडीन डीअमिनेज. तिचं काम म्हणजे सायटिडीनसारखा तुकडा दिसला की त्यावरचा अमिनो गट उडवायचा. ती पक्की सोवळ्याची. उजव्यालाच हात लावते, डाव्याला शिवतसुद्धा नाही. तिला मिश्रणात सोडली, तिनं उजवं सगळं बिघडवून टाकलं, उरलं ते निव्वळ डावं. पुढे कारखान्यात मेन्थॉलच्या मदतीनं करायच्या पद्धती आल्या, पुदिन्याच्या गोळीत असतं तेच मेन्थॉल. पण मला ती पहिली पद्धत फार आवडते. माझ्या लॅबमध्ये आम्ही काइरल कॉलमवर लॅमिव्हुडीनची बॅच चढवायचो, उजवं रूप ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की बॅच नापास. प्रॉडक्शनवाले कपाळाला हात लावायचे. आणि त्या एन्झाइमला ना कॉलम लागतो, ना सॉल्व्हंट.”

वहिनींना सोवळ्याची बाई पटली. “आणि तसलीच एखादी आपल्या पोटात नाही वाटतं? नाहीतर गोळी पोचायच्या आतच बिघडायची.”

प्रश्न इतका नेमका होता की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “आहे ना. सायटिडीन डीअमिनेज आपल्यातही आहे, आणि तीही डाव्याला ओळखत नाही. म्हणूनच गोळी वाचते. उजव्या बांधणीची सायटिडीनसारखी कितीतरी औषधं ती वाटेतच निकामी करते. इथं सोवळं आपल्या पथ्यावर पडतं.”

“मग पेशीत गेल्यावर?”

“तिथं खरी कुजबुज आहे. गोळी जशीच्या तशी काही कामाची नाही. तिला तीन फॉस्फेट लागायला हवेत, एकापुढे एक, तेव्हा कुठं ती डीएनए लिहिणाऱ्यासमोर उभी राहू शकते. आणि हे फॉस्फेट व्हायरस लावत नाही. आपलीच पेशी लावते.”

“शत्रूला मारायचं आणि कामाला घरची माणसं?”

“घरचीच. पहिला फॉस्फेट लावणारी आहे डीऑक्सिसायटिडीन किनेज. डीसीके म्हणू. जुन्या डीएनएतून सुटलेले तुकडे उचलायचे आणि पुन्हा वापरात आणायचे, हा तिचा धंदा. आणि तिला डावं-उजवं कळतच नाही! दोन्हीला सारख्याच उत्साहानं फॉस्फेट लावते. शिकागोला आर्नन लाव्ही यांच्या गटानं २००७ साली स्फटिक करून बघितलं. डावा तुकडा आला की ती साखरेला जरा वेगळी कूस घेऊ देते, पण ज्या टोकाला फॉस्फेट लावायचा ते टोक बरोबर जागेवर येतं. तिचं तेवढ्यावर भागतं.”

“अशा बायका असतात,” वहिनी म्हणाल्या. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

“दुसरा फॉस्फेट आणखी एक किनेज लावते. तिसऱ्याची गंमत आहे. नेहमीच्या तुकड्यांना तिसरा फॉस्फेट ज्या एन्झाइमकडून लागतो, ते डाव्याला फारसं जवळ करत नाही. मग लावतं कोण? तर फॉस्फोग्लिसरेट किनेज. तिचा डीएनएशी काडीचा संबंध नाही हो. ती ग्लुकोज जाळायच्या खात्यातली. पण डावा तुकडा समोर आला की तिनं फॉस्फेट दिलाच. हेही येलच्याच लॅबनं शोधलं.”

तात्यांनी पेपरची घडी घातली. “म्हणजे एका खात्याची फाइल दुसऱ्या खात्यानं मंजूर केली.”

“आणि आता ती शेवटच्या टेबलावर आली. इथं दोन गट. आपला डीएनए लिहिणारी मोठी एन्झाइमं, पॉलिमरेज अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन, ती डाव्याला जवळजवळ उभंच करत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातलं एक वेगळं आहे, गॅमा नावाचं. ते क्वचित घेतं, पण त्याच्याकडे चुकलेलं खोडायची सोय आहे, ते काढून टाकतं. आणि एचआयव्हीचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज? ते घेतं. उजव्याइतक्या आवडीनं नाही, पण घेतं. आणि खोडायची सोय त्याच्याकडे नाहीच. एकदा बसला की बसला. पुढची साखळी बंद.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, “हे सगळं आधी ठरवून केलं होतं का हो त्यांनी?”

“छे.” आणि हे मला आजही थक्क करतं. आपल्या पेशीत इतकी एन्झाइमं, त्यातल्या ज्यांनी ढिलं असायला हवं होतं तीच नेमकी ढिली निघाली, आणि जिनं कडक असायला हवं होतं ती कडक. डीसीके कडक असती तर औषधच बनलं नसतं. अल्फा ढिला असता तर विष झालं असतं. पुस्तकात लिहितात की एन्झाइम आपल्या रेणूला ओळखतं. असं सरसकट लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. ओळखायची पद्धत प्रत्येकाची निराळी. कुणी साखर बघतं, कुणी फक्त टोक बघतं, आणि ज्यानं त्यानं आपल्या कामाला लागेल तेवढंच बघितलेलं असतं. निसर्गात डावा तुकडा कधी समोर येतच नाही. मग त्याला नाकारायचं शिकायची गरज पडली कुणाला? जी नाकारतात ती दुसऱ्याच कुठल्या कारणानं जागा घट्ट ठेवून आहेत म्हणून.

“सगळ्या किनेजा डीसीकेसारख्याच?” वहिनींचं सुरू झालं होतं.

“नाही ना. थायमिडीनचं घराणं घ्या. त्यात दोघी. टीके-१ पेशीच्या मोकळ्या भागात राहते, ती भलती कडक. डाव्या थायमिडीनला हात लावत नाही. टीके-२ मायटोकॉन्ड्रियात राहते, ती डीसीकेच्याच माहेरची, तिला दोन्ही चालतात. आणि गंमत म्हणजे ओठावर जर येते ना, त्या हर्पिसच्या व्हायरसची स्वतःची थायमिडीन किनेज असते. इटलीत पाव्हियाला सिल्व्हिओ स्पादारी यांच्या गटानं १९९२ मध्ये दाखवलं की तीसुद्धा डाव्याला फॉस्फेट लावते. म्हणजे डावं थायमिडीन दिलं तर आपली टीके-१ त्याला ओळखत नाही, व्हायरसची ओळखते. डाव्या रेणूंकडे लोक नव्यानं बघायला लागले ते या दिवसांत.”

“हे औषध आपल्याकडे कधी आलं?” तात्या मुद्द्यावर आले.

“अमेरिकेत मंजुरी १९९५ च्या नोव्हेंबरात. आपल्याकडची गोष्ट मात्र तुमच्या पेपरातही आली असेल. २००१ चा फेब्रुवारी. तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा रुग्णामागे दहा-पंधरा हजार डॉलर होता. मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी सांगितलं, आम्ही तीनशे पन्नास डॉलरला देतो. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या रेणूला पेटंट देत नव्हता, फक्त बनवायच्या पद्धतीला देत होता, म्हणून ते जमलं. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन, नेव्हिरापिन, तिन्ही एकाच गोळीत. पुढे १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत उपचार सुरू केले, पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात आमच्या लॅबमध्ये लॅमिव्हुडीनचे नमुने संपता संपायचे नाहीत.”

“अजून तीच गोळी देतात?”

“ती गेली. त्यातलं स्टॅव्हुडीन उजव्या बांधणीचं. मायटोकॉन्ड्रियातल्या गॅमाला ते चालायचं, आणि तिथंच घात झाला. हातापायाला मुंग्या, गालाची चरबी उतरून चेहरा ओढलेला, रक्तात आम्ल वाढायचं. ते काढलं. नेव्हिरापिनही मागे पडलं. आज सरकारी केंद्रात जी रोज एक गोळी देतात, तिच्यात टेनोफोव्हिर असतं, डोल्युटेग्रॅव्हिर असतं, आणि तिसरं हेच डावं. तिघांतलं हे एकटं टिकलं.”

टिकलं म्हटलं खरं, पण त्याच्यावरही व्हायरसनं मात केलीच होती, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवेना. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये १८४ क्रमांकावर मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. लांब, लवचिक, बाजूला सरकणारं. डावा तुकडा आत आला की त्याचं कडं नेमकं त्याच बाजूला झुकतं आणि मेथिओनिन त्याला जागा करून देतं. आता व्हायरस लिहिताना सतत चुका करतो. जनुकातलं एक अक्षर बदललं, ए जाऊन जी आला, की मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन येतं. व्हॅलिनला बुंध्याशीच फांदी फुटलेली असते. ती त्या डाव्या कड्यावर आदळते. उजव्या तुकड्याला काही होत नाही, कारण त्याची साखर त्या अंगाला येतच नाही. रटगर्स विद्यापीठात एडी अर्नोल्ड आणि स्टेफानोस साराफियानोस यांनी १९९९ मध्ये, व्हॅलिनचंच भावंड असलेल्या आयसोल्यूसिनचा बदल घेऊन, ती टक्कर स्फटिकात दाखवली. एकट्या लॅमिव्हुडीनवर ठेवलं तर काही आठवड्यांत हा बदल माजतो, आणि औषधाचा असर शंभरपटीहून जास्त घटतो.

“म्हणजे या गोळीनं त्या व्हायरसला डावं-उजवं करायला शिकवलं,” तात्या म्हणाले.

“शिकवलं. पण फी जबर पडली त्याला. व्हॅलिनवालं एन्झाइम आधीच्यापेक्षा अधू. शिवाय एझेडटी आणि टेनोफोव्हिर ही दुसरी औषधं त्याला आधीपेक्षा जास्त लागू पडतात. म्हणून डॉक्टर काय करतात माहितीय? व्हायरस लॅमिव्हुडीनला बधत नाही हे रिपोर्टात लिहून आलेलं असतं, तरी ते बंद करत नाहीत. चालू असलं की व्हायरसला व्हॅलिन सोडता येत नाही. मिलानमध्ये २००६ साली अभ्यास झाला, असा बधिर व्हायरस असलेल्यांत काहींचे उपचार पूर्ण थांबवले, काहींना नुसतं लॅमिव्हुडीन दिलं. नुसत्या लॅमिव्हुडीनवाल्यांची तब्येत जास्त टिकली.”

वहिनींना हे फारच भावलं. “मेलं काम करत नाही, पण बसून राहिल्यानं दुसऱ्याला काम करू देत नाही.” बहुधा कुणी तरी त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

“कावीळ बीचं मात्र इतकं बरं नाही झालं,” मी म्हटलं. “तो व्हायरसही असाच लिहितो, त्याच्या एन्झाइममध्येही तेच मेथिओनिन, आणि तेही तसंच बदलतं. एकट्या लॅमिव्हुडीनवर पाच वर्षं ठेवलेल्या रुग्णांत सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांचा व्हायरस बदललेला सापडायचा. म्हणून हल्ली कावीळ बीला टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर आधी देतात. मधल्या काळात आणखी दोन डावी औषधं आली होती. टेल्बिव्हुडीन तर अगदी ते प्रागचं डावं थायमिडीन, जसंच्या तसं. गंधक नाही, काही नाही. अमेरिकेत २००६ च्या ऑक्टोबरात मंजूर झालं. पेशीतली टीके-१ त्याला फॉस्फेट लावत नाही हे सांगितलंच. लावतात त्या डीसीके आणि टीके-२.”

“ती मायटोकॉन्ड्रियातली,” वहिनी म्हणाल्या. लक्ष होतं म्हणजे.

“तीच. आणि तिथंच कुरबुर सुरू झाली. काही रुग्णांचे स्नायू दुखायला लागले. दुसरं औषध क्लेव्हुडीन, तेही डाव्या थायमिडीनच्या बांधणीचं. कोरियात २००६ साली मंजूर झालं, पण बराच काळ घेतल्यावर काहींना जिना चढवेना; स्नायूचा तुकडा काढून बघितला तर मायटोकॉन्ड्रिया खराब झालेले. २००९ मध्ये जगभरच्या चाचण्या थांबवल्या. बोट टीके-२ कडे जातं. तिनं त्याला घरात फॉस्फेट लावून दिला, असा संशय.”

“आणि लॅमिव्हुडीनला नाही लावत ती?”

“त्याचं काम डीसीकेकडे, बाहेरच्या अंगणात. शिवाय गॅमाला ते आवडत नाही.” मग मीच जरा थांबले, कारण इतकं नीटनेटकं सांगितलं की मलाच शंका येते. “आपल्याकडे सगळेच कडक आहेत असंही नाही हो. डीएनए दुरुस्त करणारं लॅम्डा नावाचं एक पॉलिमरेज आहे. ओहायोत झुकाय सुओ यांच्या गटानं २०१४ साली स्फटिकात पकडलं, ते डाव्या तुकड्याला जागा करून देतं. दुरुस्तीवाल्याला मिळेल त्या सामानानं भोक बुजवायचं असतं, त्याचे नियम सैल.”

तात्या आता उठून भिंतीपाशीच आले. “पण ताई, तुकडा डावा झाला. अख्खा डीएनएच डावा केला तर?”

हिशेबनिसाचा प्रश्न. एक नग आला की डझनाचा भाव विचारायचा. “केलाय,” मी म्हटलं. “बीजिंगमध्ये. त्सिंगहुआ विद्यापीठात तेव्हा टिंग झू म्हणून होते. डावा डीएनए लिहायला आपली एन्झाइमं तयार नाहीत, तर त्यांनी एन्झाइमच उलटं बनवलं. डुकरांच्या आफ्रिकन तापाच्या व्हायरसमधलं एक छोटं पॉलिमरेज, १७४ अमिनो आम्लांचं. ते आरशातलं घडवायला एकेक अमिनो आम्ल उलट्या बांधणीचं घेऊन जोडत गेले. २०१६ मध्ये ते चाललं, डाव्या डीएनएची नक्कल काढायला लागलं. फार हळू. मग २०२१ मध्ये ७७५ अमिनो आम्लांचं मोठं केलं, ते झपाट्यानं काढतं. त्यानं काय लिहिलं असेल सांगा? पाश्चरचा १८६० सालचा एक परिच्छेद, डाव्या डीएनएच्या अक्षरांत.”

“चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची तेव्हा,” तात्यांनी संधी साधलीच, पण वहिनींनी हातानं गप्प केलं.

“अजून बघा. तळ्याचं पाणी आणलं, त्यात थोडा साधा डीएनए टाकला आणि थोडा डावा. साधा एका दिवसात इतका खाल्ला गेला की त्याची नक्कल निघेना. डाव्याची नक्कल वर्षानंतरही निघत होती.”

“जंतूंना दिसला नाही?”

“अंगावर आदळत असणार की. पण कातरणारी एन्झाइमं सगळी उजव्याची. त्यांना त्याच्यात पकड मिळत नाही.”

वहिनी जरा गंभीर झाल्या. “मग उद्या असला अख्खा जंतूच केला कुणी तर? औषध नाही लागू पडायचं त्याला.”

“औषधाचं राहू द्या, आपल्या शरीराला तो आलेला कळेल की नाही इथूनच प्रश्न आहे. रोगप्रतिकार करणाऱ्या पेशीही वळण बघूनच ओळखतात. २०२४ च्या डिसेंबरात अडतीस शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं की असला जंतू बनवायच्या वाटेला जाऊ नका. त्यातले काही स्वतःच त्या वाटेला लागलेले होते.”

“पण तो खाईल काय?” तात्या. “आपलं सगळं तर त्याला उलटं.”

“ग्लिसरॉल आहे, ग्लायसिन आहे. त्यांना डावं-उजवं नसतंच. तेवढ्यावर तो तग धरेल अशी त्यांना भीती आहे. आज मात्र मजल एन्झाइमांपर्यंतच. पूर्ण जंतू बनायला अजून निदान दहा वर्षं लागतील असं तेच म्हणतात.”

तात्यांनी बोटांवर काही मोजलं. “म्हणजे मी त्र्याऐंशीचा. सापडेन मी त्यात.”

“तुम्ही कशाला सापडताय,” वहिनी म्हणाल्या, “तुमचं मुळात सगळं उलटंच आहे,” आणि आत कुकर बघायला गेल्या.